झाडाच्या वतीने

१० डिसेंबर

होनामी,

‘अबोल’ हा शब्द कुणी घातला? तू, की तुझ्या बापाने?

तुझ्या आज्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीचं आभाराचं कार्ड परवा पोचलं. तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला वाचायचंय हे ठाऊक असून सगळं कार्ड अवघड अक्षरांनी भरलंयस. म्हणून शेजारच्या शिगेझोला हाक मारून वाचून घ्यावं लागलं. त्याने चष्मा पुसला, घसा खाकरला आणि देवळातल्या भिक्षूसारखा सुरात वाचायला लागला. "आमचे वडील रिसाकु हे हरहुन्नरी, निसर्गप्रेमी आणि कुटुंबवत्सल गृहस्थ होते. ते अबोल होते. त्यांच्या मनात काय होतं हे आम्हाला अखेरपर्यंत कळलं नाही. ते सुखी असावेत, अशी आम्ही आशा करतो."

शिगेझो थांबला. कार्ड उलटं करून मागे बघितलं. म्हणाला, "तोमे वहिनी, हे आपल्या रिसाकुचंच आहे ना? छापखान्यात दुसऱ्या कुणा मयताशी अदलाबदल तर नाही झाली?"

"पुढे वाचा," मी म्हटलं.

"पुढे काही नाही. पुढे चहा कोरड्या जागी ठेवा असं आहे."

आशा करतो म्हणे! माणसाबद्दल बोलताय की उद्याच्या हवेबद्दल? आणि हे कार्ड चहाच्या डब्यासोबत गावातल्या प्रत्येक घरात गेलंय. काल भाजीला गेले तर दोन बायका माझ्याकडे असं बघायला लागल्या, जसं काही मी जन्मभर एका मुक्या दुःखी माणसाबरोबर संसार ओढला. चहा मात्र चांगला होता, तेवढं कबूल करते.

बरं. आता रीतीचं लिहिते, नाहीतर तुझी आई म्हणेल म्हातारीला काही वळण नाही. थंडी पडली आहे. बर्फ डोंगराच्या कंबरेपर्यंत उतरलाय. तुम्ही तिघं खुशाल असाल. मी खुशाल आहे, गुडघा जसा होता तसा आहे. खोक्यात सुकवलेले पर्सिमन आहेत. वर पांढरं दिसतं ती फळाचीच साखर आहे, बुरशी नव्हे. हे तुझ्या आईला, सुमिएला, मुद्दाम सांग, कारण एका वर्षी तिने सगळे नळाखाली धुऊन काढले होते आणि मला फोन करून कळवलं होतं, "आई, साफ केले हां सगळे." तुझा आजा त्यावर दोन दिवस हसत होता.

झालं रीतीचं. आता परत कार्डाकडे येते. इतक्या सहजी नाही सुटणार तू.

‘निसर्गप्रेमी’ हा शब्द शिगेझोला इतका आवडला की त्याने दोनदा वाचला. तुझ्या आज्याचं निसर्गावर प्रेम होतं, खरं आहे. पण ते सोयासॉस आणि साखर घालून परतल्यावर. शरद ऋतू आला की हा माणूस हातातलं काम टाकून काळ्या गांधिलमाशांच्या मागे लागायचा. बेडकाच्या मांसाचा एक तुकडा घ्यायचा, त्याला पांढऱ्या रेशमाचा झुबका बांधायचा. माशी तो तुकडा उचलून जमिनीतल्या पोळ्याकडे निघाली की झुबका आभाळात दिसत राहतो, आणि खालून हे सगळे बाप्ये वर बघत धावतात. मध्ये बांध येवो, ओढा येवो, कुणाचे मुळे येवोत, सगळं तुडवत. पोळं सापडलं की उकरून आणायचं, आणि आतल्या अळ्या चिमट्याने काढत बसायचं काम कुणाचं? माझं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. मी ओढ्यावर मुळे धूत होते. एक माणूस आभाळाकडे तोंड करून धावत आला आणि सरळ पाण्यात गेला. माझी टोपली वाहून गेली. तो उठला आणि कंबरभर पाण्यात उभा राहून परत वरच बघायला लागला.

मी म्हटलं, "डोळे फुटले का तुमचे?"

म्हणतो, "गप्प बस जरा, नजर चुकेल."

हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. लिही तुझ्या कार्डात.

माझ्या बाबांना मुलगा नव्हता, ते घरजावई शोधत होते. मध्यस्थ बाईने वरच्या खेड्यातल्या कोळसा पाडणाऱ्याचा तिसरा मुलगा सुचवला. म्हणाली, "गरीब घर आहे, पण हात सोन्याचे आहेत." बाबा म्हणाले, "हातांचं ठीक आहे. पाय कसे आहेत? परवा ओढ्यात पडला तो हाच ना?" पण ठरलं. त्याने आपलं आडनाव सोडलं, आमचं लावलं, एक करवत आणि एक पोतडी घेऊन आमच्या घरी आला. घरजावयाचं जिणं कसं असतं ते तुला काय सांगू. आंघोळीला शेवटचा, बोलायला शेवटचा. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. बाबांच्या खोलीचं दार ओढताना किंचाळायचं, ते त्याने पहिल्याच आठवड्यात तासून मेण लावून मऊ केलं. बाबा म्हणाले, "आता कोण आलं ते कळणार कसं?" तुझा आजा म्हणाला, "खाकरेन." आणि बाबा असेपर्यंत प्रत्येक वेळी खाकरून आत जायचा.

हरहुन्नरी होता हे मान्य. पण तुम्ही लांबून म्हणता. हरहुन्नरी माणसाच्या घरात राहून बघ एकदा. दुकानातून आणली तशी एक वस्तू राहिली नाही. किटलीला रानवेलीची मूठ, छत्रीला बांबूची दांडी, माझ्या चपलांना सायकलच्या टायरचे तळवे. घड्याळ दुरुस्त केलं ते त्या दिवसापासून चालतंय जोरात, पण टोले स्वतःच्या मर्जीने देतं. पर्सिमन सोलायला त्याने सायकलचं पायडल लावून यंत्र केलं. फळ खुपसायचं, पायडल मारायचं, फळ गरगरतं आणि पात्यावर साल एका लांब पट्टीत उतरते. पहिल्या दिवशी मी पाय मारला आणि फळ उडून छताला चिकटलं. डाग अजून आहे. तुझा आजा मान वर करून तो डाग बघत राहिला आणि म्हणाला, "यंत्रात दोष नाही. बाईत जोर आहे."

यंदाही त्याच यंत्रावर सोलले सगळे.

पाखरांचं एक सांगते आणि मग मुद्द्याचं. झाडाच्या शेंड्याला एखादं-दुसरं फळ पाखरांसाठी ठेवायची रीत आहे, सगळेच ठेवतात. हा टोपलीभर ठेवायचा. मी खालून ओरडायचे, "वरचे काढा की!" तर म्हणायचा, "अगं, शिडी पोचत नाही." शिडी कुणी केली? त्यानेच. पोचणार नाही अशीच केली होती. हे मला कळायला बरीच वर्षं लागली. आणि कळल्यावर मी काय केलं? काही नाही. पाखरं काही वाईट गात नव्हती.

कुटुंबवत्सलचा अर्थ शिगेझोने समजावून सांगितला. त्यावर मला काही म्हणायचं नाही. घरजावई, घर सोडून जाणार कुठे?

आता मुद्द्याचं. 

एकोणपन्नासाव्याच्या जेवणाला तुझा बाप शेजारी बसला होता. भिक्षू जेवून गेले होते, पाहुणे पांगले होते. कुनिहिरो काड्यांनी टोफू चिवडत होता, लहानपणी वाईट निकाल सांगायच्या आधी चिवडायचा तसा. म्हणाला, "आई, हिवाळा सरला की घर बंद करू. नागोयाला चल. आमच्या नवव्या मजल्यावरून किल्ला दिसतो."

मी म्हटलं, "किल्ला बघून काय करू? लढायला जायचंय?"

"आई, चेष्टा नको. झाडं काढून जागा सपाट केली तर पलीकडचा गाड्या लावायला घेतो म्हणतोय. नाहीतरी झाडांचं आता कोण करणार?"

झाडांचं आता कोण करणार. मी ताटं उचलली आणि आत गेले. त्याला वाटलं मी रुसले. तू सुद्धा माझ्यामागे आत आलीस आणि "आजी, बाबा तुझ्या भल्याचंच बोलतायत" असं म्हणालीस. मी रुसले नव्हते. मला उत्तर येत नव्हतं. मला उत्तर येत नाही असं फार कमी वेळा होतं, त्यामुळे तुम्हाला ओळखू आलं नाही.

हे पत्र त्या प्रश्नाचं आहे. गांधिलमाशांचं नाही.

तुम्ही लोक नव्या वर्षाला येता, तीन दिवस खाता आणि परत जाता. पंधरा जानेवारीचं छोटं नवं वर्ष तू कधी पाहिलंच नाहीस. त्या सकाळी तांबड्या चवळीची पेज करायची. मग दोघांनी पर्सिमनच्या झाडांपाशी जायचं. एकाच्या हातात कुऱ्हाड, दुसरा झाडाच्या मागे लपलेला. कुऱ्हाडवाला दरडावतो, "फळ धरणार की नाही? नाही धरलंस तर तोडून टाकीन!" आणि बुंध्यावर एक हलकी खाच मारतो. मागचा माणूस झाडाच्या वतीने म्हणतो, "धरणार, धरणार!" मग खाचेवर थोडी पेज लावायची आणि पुढच्या झाडाकडे जायचं. आपली सात झाडं.

कुऱ्हाड घरातल्या कर्त्याची, झाडाचं उत्तर जावयाचं. बाबा असेपर्यंत तसंच चाललं. बाबा दरडावायचे आणि तुझा आजा मागून "धरणार" म्हणायचा. बाबा गेले त्या वर्षी कुऱ्हाड त्याच्याकडे आली. त्याने ती उचलली, पहिल्या झाडापुढे उभा राहिला आणि उभाच राहिला. पेज गार व्हायला आली. शेवटी म्हणाला, "धरणार का... म्हणजे, जमलं तर?"

मी कुऱ्हाड हिसकावून घेतली. "सरका. जा मागे."

तो आनंदाने गेला. तेव्हापासून साऱ्या गावात आमच्या एकट्या घरात बाई दरडावते. लोक हसले. शिगेझो म्हणाला, "बरोबरच आहे. रिसाकुला मागून ‘हो हो’ म्हणायची सवय आहेच."

तुझ्या आईला विचार. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात ती पंधरा तारखेपर्यंत इथे राहिली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तुझा बाप रजईत घोरत पडला होता. सकाळी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर सासू कुऱ्हाड उगारून ओरडतेय, "तोडून टाकीन!" आणि सासऱ्यांचा आवाज कुठून तरी विनवतोय, "धरणार, धरणार!" ती घरातल्या सपाता घालूनच बर्फातून शिगेझोकडे धावली. "काका, धावा! सासूबाई सासऱ्यांना तोडतायत!"

शिगेझो पेज खात होता. त्याने वाटी खाली न ठेवता विचारलं, "कितवं झाड चाललंय?"

"झाड? पाचवं असेल! काका, कुऱ्हाड आहे त्यांच्या हातात!"

"मग अजून दोन राहिलीत. बसा, पेज घ्या."

बिचारी. त्यानंतर वर्षभर मी हाक मारली की ताबडतोब उठायची. मला ते बरं पडलं, म्हणून मी समजूत घालायची घाई केली नाही.

आता जे लिहिते ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बाबांचा दंडक होता, झाडापाशी बोललेलं घरात आणायचं नाही. आणलं तर फळं हिरवीच गळतात. मी आजवर पाळलं. आज मोडते. गळाली तर गळोत.

सातवं झाड शेडच्या मागे आहे, तिथून घर दिसत नाही. मी कुऱ्हाड घेतली त्या पहिल्या वर्षी तिथे पोचलो. मी दरडावलं, "धरणार की नाही?" मागून आवाज आला, "धरणार, धरणार. पण कालचं सूप खारट होतं."

मी कुऱ्हाड घेऊन तशीच उभी. "कोण बोललं?"

"झाड."

मी म्हटलं, "झाडाला म्हणावं, उद्यापासून स्वतः करून पी." आणि खाच जरा जोरात मारली.

झालं, तेव्हापासून दरवर्षी सातवं झाड बोलायचं. घरात ‘हो’, ‘नाही’ आणि ‘आंघोळीचं पाणी तापलं’ यापलीकडे न जाणारा माणूस तिथे बुंध्यामागे उभा राहिला की बोलायचा. समोर मी दिसत नव्हते म्हणून असेल. घरजावयाला समोर बोलायची सवयच लागली नव्हती. एका वर्षी म्हणालं, डावं मूळ ठणकतंय. तेव्हा मला कळलं की गुडघा दुखतोय, आणि मी त्याला डाक्टरकडे पिटाळलं. एका वर्षी म्हणालं, "गेल्या साली कुऱ्हाडवाली आजारी होती, तेव्हा झाडाला झोप नव्हती." मी त्या खाचेवर पेज जरा जास्त लावली.

मग तुझा बाप गेला. नागोयाच्या कारखान्यात नोकरी लागली, शरदात निघाला. थोरला मुलगा घर सोडून चाललेला, त्यातून घरजावयाच्या घरातला. सगळं गाव बसथांब्यावर निरोप द्यायला आलं होतं. तुझा आजा आला नाही. तो शिडीवर चढून फळं काढत होता, आणि बस सुटली तरी खाली उतरला नाही. तुझा बाप तेव्हापासून हेच धरून बसलाय. एकोणपन्नासाव्यालाही शिगेझोला सांगत होता, मी ऐकलं. "बाबा शिडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. रागावले होते. कधी बोलले नाहीत, पण रागावले होते."

आता नीट वाच. त्यानंतरच्या पंधरा जानेवारीला मी सातव्या झाडाला विचारलं, "धरणार की नाही?"

"धरणार, धरणार." मग पुढे, "एक फांदी कुंपणाबाहेर गेलीय. छाटू नकोस. तिकडे ऊन चांगलं आहे."

मला राग आलेला होता, कारण मलाही तेव्हा वाटलं होतं की हा माणूस दगड आहे. मी म्हटलं, "फांदी बाहेर गेली तर फळं दुसऱ्याच्या अंगणात पडतील."

"पडू देत. कुणीतरी खाईलच."

"मग त्या दिवशी शिडीवरून का नाही उतरलात?"

शेडच्या पत्र्यावरून बर्फ घसरून पडल्याचा आवाज आला. मग झाड म्हणालं, "थांब्यावरून बस वळणापर्यंतच दिसते. शिडीवरून पुलापलीकडे जाईपर्यंत दिसते."

हे तुझ्या बापाला वाचून दाखवशील तेव्हा सावकाश वाच.

यंदाच्या जानेवारीचं सांगते आणि संपवते. तुझा आजा खोकत होता, पण तो दर हिवाळ्यात खोकायचा. सात झाडं करायला आम्हाला खूप वेळ लागला. सातव्या झाडामागे त्याने स्टूल नेऊन ठेवलं होतं, त्यावर बसला. मी म्हटलं, "हल्ली झाडं बसून बोलतात वाटतं." तो हसला, मग खोकला, मग मी विचारलं, "धरणार की नाही?"

"यंदा धरणार. भरपूर धरणार." आणि मग, "पुढच्या वर्षीचं मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचार."

मी म्हटलं, "का? झाड काय गाव सोडून चाललंय?"

"झाड इथेच आहे. बोलणारा बदलेल."

"कुणाला विचारू मग?"

"पेज गार होतेय," असं म्हणालं.

एप्रिलमध्ये डाक्टरांनी आम्हाला समोर बसवून, हळू आवाजात सांगितलं. तुझा बाप रडला. मी रडले नाही म्हणून तुला वाटलं आजीला कळलंच नाही. मला ती बातमी जुनी होती.

पण जानेवारीत त्या दिवशी मी खाच मारायच्या आधी आणखी एक विचारलं. कुऱ्हाड हातात असल्याशिवाय असले प्रश्न मला विचारता येत नाहीत. मी म्हटलं, "या घरात तुला काही कमी पडलं का?" जन्मात त्याला ‘तू’ म्हटलं नव्हतं. झाडाला विचारत होते म्हणून म्हटलं.

तो लगेच बोलला. विचार करावा लागला नाही त्याला. "ऊन मिळालं, पाणी मिळालं. दरवर्षी कुणीतरी येऊन तोडून टाकीन म्हणालं, पण तोडलं नाही. अजून काय लागतं?"

माझी खाच वाकडी गेली. पेज लावली. घरात आलो. त्याने दोन वाट्या पेज खाल्ली, मिठाला नावं ठेवली नाहीत.

तेव्हा ‘अशी आम्ही आशा करतो’ हे काढून टाक. दुसरं कार्ड छापा असं मी म्हणत नाही, पण निदान तुमच्या डोक्यातून तरी काढा. तो सुखी होता. मला त्याने तसं सांगितलंय.

आणि झाडाने शब्द पाळला. सप्टेंबरात फांद्या इतक्या वाकल्या की बांबूचे टेकू द्यावे लागले. तो अंगणात खुर्चीवर बसून शिगेझोला सांगत होता, "तो नाही, त्याच्या डावीकडचा. अहो डावीकडचा. तुमचं डावं कुठलं?" ऑक्टोबरात गेला तेव्हा सातही झाडं नारिंगी झाली होती. मयताला आलेल्या लोकांना चपला काढायला जागा नव्हती, सगळीकडे फळांचे क्रेट. कुणाला अडचण वाटली असेल. मला बरं वाटत होतं.

आता पंधरा जानेवारी येतेय. शिगेझो कालच म्हणाला, "वहिनी, यंदा मी उभा राहतो मागे."

मी म्हटलं, "तुमचा आवाज बोकडासारखा आहे. झाडं बिचकतील."

"मग राहू द्या एक वर्ष."

राहू द्यायचं नाही. दरडावायला मी आहे, कुऱ्हाडीला धार आहे, चवळी भरून ठेवली आहे. कमी आहे तो मागे उभा राहणारा. तो कोण, हे मी ठरवलंय.

तुझ्या बापाने यायचं. चौदा तारखेच्या बसने. कारखान्यातून रजा मिळत नाही वगैरे मला सांगायचं नाही. तो झाडांच्या मागे उभा राहील आणि मी विचारीन. त्याला मनापासून ‘नाही धरणार’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणू दे. पण तोंडाने, मोठ्याने, बुंध्याच्या मागून. मग मी खाच मारणार नाही, शिगेझोला बोलावून झाड पाडायला घेईन. सातही पाडू. जागा सपाट करा, गाड्या लावा, आणि मी गाठोडं बांधून तुमच्या नवव्या मजल्यावर किल्ला बघत बसेन. कुरकुरणार नाही. फार नाही. पण तो ‘धरणार’ म्हणाला, तर घर बंद करायची गोष्ट माझ्यासमोर पुन्हा काढायची नाही, आणि दर शरदात येऊन पायडल मारायचं. झाडांचं कोण करणार असं त्याने मला विचारलं. मी त्यालाच विचारते. ते त्यानेच ठरवावं, त्याच्यावर जबरदस्ती नाही.

सातव्या झाडापाशी आणखी काही बोलायचं असेल तर तेही बोलू दे. ते मी घरात आणणार नाही.

तुला यायचं असेल तर तूही ये. सुमिएलाही आण, यावेळी तिला सपाता बदलायला सांग. तुम्ही दोघींनी खिडकीत उभं राहायचं आणि तोंड मिटून बघायचं.

फोन करू नका. फोनवर तो नुसता "हं, हं" करतो. झाडाला ‘हं’ चालत नाही.

हे पत्र त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखव, बसचं गाळू नकोस. तू त्याच्या वतीने उत्तर लिहायचं नाहीस, तुझ्या आईनेही नाही. इथे येऊन कुनिहिरोनेच द्यायचं.

तोमे